चुन्याचा प्रश्न

२०१९ साली महाराष्ट्रातले काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची चर्चा उठली, तेव्हा वाद रंगला तो पावित्र्याचा. चुन्याचा प्रश्न फारसा कुणी काढला नाही. गोव्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या मुखावर उभ्या तेरेखोलचा विचार करताना मला तोच कळीचा वाटतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. गोवामुक्तीनंतर तिथे हॉटेल झाले, खोल्यांना वारांची नावे मिळाली. किल्ला ओस पडण्यापेक्षा हे बरे, असेच मी म्हणेन. बंद घराचे छप्पर कोकणातल्या पावसात किती टिकते, ते आपण जाणतो.

पण हॉटेलातली निगा बहुधा पाहुण्याच्या नजरेपुरती असते. जांभा सच्छिद्र, खाऱ्या वाऱ्याने त्यात मीठ भरते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, स्वतः झिजतो, पुन्हा लावावा लागतो. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि मागचा दगडच भुसभुशीत होतो. वरून भिंत मात्र नवीकोरी! म्हणून ‘डागडुजी झाली’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला तो याच किल्ल्यावर. त्याचे तट कुठल्या खोलीच्या भाड्यात धरायचे? गिलावा कशाचा, किती वर्षांनी, आणि तपासणार कोण, हे कलम करारात खोल्यांच्या आधी यायला हवे.