बक्षिसावरचे व्याज

आल्फी कोन या अमेरिकन लेखकाचे ‘पनिश्ड बाय रिवॉर्ड्स’ (१९९३) हे पुस्तक मी वाचले, त्याला कारण आमचे चिरंजीव.

ते रोज संध्याकाळी आपण होऊन आजीचे पाय चेपायचे. माझ्यातल्या बी.कॉम.ला राहवेना. मी रोजचे एक चॉकलेट जाहीर केले. महिन्याभरात दर दोनवर गेला. एके दिवशी डबा रिकामा निघाला. चिरंजीव म्हणाले, “मग आज सुट्टी ना?” आजी गप्प बसून राहिली.

कोनसाहेब नेमके हेच सांगतात. १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग पाहा : चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्रक दिले; पुढे ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली.

इथवर माझी सही. पण साहेब शाबासकीलाही चॉकलेटच्याच डब्यात कोंबतात, तिथे मी चेक परत करतो. वीस वर्षे मी कॅश मोजतोय. चुकली की मेमो, जुळली की सामसूम. एकदा एक पेन्शनर आजोबा म्हणाले, “नीट मोजता हो!” त्यावर मी आठवडा काढला. त्यात सौदा कुठे होता?

चॉकलेट बंद केले. पंधरा दिवस आईचे पाय मीच चेपले. सोळाव्या दिवशी चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुला जमत नाही. सरक.”

शाबासकी मी गिळली. आजीने मात्र त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कोनसाहेब, हा हात कुठल्या खाती जमा धरायचा?