भिंतीवरचा शिंजीर : सार्वजनिक चित्र आणि स्थानिकता

सार्वजनिक भिंतीवरील चित्राचे मूल्यमापन करताना ते हुबेहूब उतरले आहे काय, हा प्रश्न प्राधान्याने विचारला जातो. शिंजिराच्या संदर्भात हा निकष अपुरा पडतो. भारतीय उपखंडापुरताच आढळणारा जांभळ्या पाठीचा शिंजीर सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा असतो. नराच्या माथ्यावरील हिरवी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून, प्रकाशाच्या खेळाने निर्माण होते; पाहण्याचा कोन बदलला की ती मावळते. भिंतीवरचा रंग मात्र कोठूनही तोच दिसतो. म्हणजे या पक्ष्याचे तेज रंगाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग चित्राने काय साधावे? बंगळूर महानगरपालिकेने २००९ मध्ये शहरातील भिंती रंगविण्याचे काम चित्रपटांचे फलक रंगविणाऱ्यांकडे सोपविले. फ्लेक्सच्या छपाईने या चित्रकारांचा व्यवसाय हिरावला होता. धावत्या वाहनातूनही नजरेत भरेल असे ठसठशीत रेखाटन हे त्यांचे सामर्थ्य. परंतु हंपी, जोगचा धबधबा, वन्य प्राणी या विषयांत ती भिंत जिथे उभी होती ती जागाच आली नाही. त्याच वर्षी मेट्रोसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध याच शहरात आंदोलने झाली, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही. याउलट २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी यांनी सुलतानपाळ्यातील रस्त्यावरच्या खड्ड्यात मगर मांडली. खड्ड्यावाचून त्या कृतीला अर्थच उरत नाही. जागा हाच तिचा आशय झाला.

औद्योगिक उपनगर म्हणून वसविलेल्या राजाजीनगरातील एखाद्या भिंतीवर शिंजीर रंगवायचा झाल्यास हीच कसोटी लावावी लागेल. तो हवेत तरंगताना दाखविला, तर अमेरिका खंडांतील हमिंगबर्डचीच प्रतिमा पुन्हा गिरविली जाते. शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच मध टिपतो. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले त्याचे लोंबते घरटे आणि कुंपणावरची जास्वंद चित्रात आली, तर पक्षी परिसराशी जोडला जातो. कन्नडिगांची सूरक्की आणि मराठी माणसाचा शिंजीर तेथे एकाच जास्वंदीवर भेटतात.

पण प्रत्यक्षातील जास्वंद तोडून त्याच जागी बांधलेल्या भिंतीवर हा पक्षी रंगविला, तर ते चित्र त्याचे स्मारक ठरेल. अशा चित्राची समीक्षा भिंतीपाशी संपू शकत नाही. भिंतीपलीकडे काय फुलते आहे, हेही समीक्षकाला पाहावे लागते.