हसण्यापुरती बोली

आमचं धामणगाव बढे मोताळा तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या खानदेशाकडच्या अंगाला. त्यामुळे आमची बोली निव्वळ वऱ्हाडी म्हणावी तर तशी नाही, खानदेशी म्हणावी तर तशीही नाही. दोन्हीचा काला आहे. आम्हाला 'मला' भूक लागत नाही, 'मले' लागते. आम्ही 'का' विचारत नाही, 'काहून' विचारतो. माणूस वावरात 'जातो आहे' असं कधी होत नाही, तो 'जाऊन राह्यला' असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सिनेमा, मालिका, पुस्तकं यांबद्दल बोलताना माझं माप एकच असतं. आमच्यासारखं बोलणारा माणूस गोष्टीत आला, तर तो कशासाठी आला?

लहानपणी पाहिलेल्या मराठी सिनेमांत गाव भरपूर असायचं, पण ते आमचं नसायचं. गणपतीत वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे, चौकात टीव्ही मांडायचे आणि लोक पोती अंथरून रात्रभर बसायचे. 'पिंजरा' मी असाच पाहिला, 'सामना'ही तसाच. निळू फुले पडद्यावर आले की बाया दात-ओठ खायच्या. पण ऊस, वाडा, फेटा, तमाशाचा फड, आणि बोलणं 'अरं', 'न्हाई', 'कुठं चाललाईस'. आमच्याकडं कापूस, ज्वारी, मका. माझी आजी एकदा म्हणाली, "हे कोठचे लोक आहेत रे?" मी सांगितलं, कोल्हापूरकडचे. "मंग आपल्याकडचे काहून नाही? आपल्याकडं मानसं मेले का?"

आजीला उत्तर देता आलं असतं. मराठी सिनेमा कोल्हापुरात आणि पुण्यात वाढला. प्रभात कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर हे कसदार लेखकही त्याच मुलखाचे. जे हाताशी होतं ते त्यांनी वापरलं, आणि वापरलं तेही झकास. यात कोणाचा कट नव्हता. पण होता होता असं झालं की 'गावरान' म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याचं बोलणं हे उभ्या महाराष्ट्राच्या कानात पक्कं बसलं. (लोकांचा गोंधळ तर इतका, की 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाटक आमच्या वऱ्हाडाचं आहे असं समजणारे मला पुण्यात भेटलेत. त्यातलं वऱ्हाड लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची.)

मग 2014 साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि भारत गणेशपुरे घराघरात पोचले. अमरावतीकडचा माणूस, अस्सल बोलणं, टायमिंग असं की हसून पोट दुखावं. आम्ही जेवणं आटपून बसायचो. आपलं बोलणं टीव्हीवर ऐकू येतं याचा आनंद काय असतो, हे ज्यांचं रोजच ऐकू येतं त्यांना कळायचं नाही.

आमच्या नात्यातला एक पोरगा तेव्हा पुण्यात शिकायला होता. त्यानं तोंड उघडलं की खोलीतली पोरं म्हणायची, "अजून बोल ना." तोही बोलायचा, त्यालाही मजा यायची. मग एका सकाळी घरून फोन आला. फोन ठेवून तो पोरांना म्हणाला, "माहे आबा गेले." आणि एक जण हसला. अर्थ कळायच्या आधी हसला. लगेच ओशाळला, हात धरला, एसटी स्टँडवर सोडायलाही तोच आला. त्या हसणाऱ्याचा मला राग येत नाही. वऱ्हाडी ऐकली की हसायचं, एवढंच त्याच्या कानाला शिकवलेलं होतं. गणेशपुरेंचाही यात दोष नाही. त्यांचं काम हसवायचं, ते त्यांनी चोख केलं. दोष असला तर एवढाच, की त्याच बोलीत रडणारा माणूस टीव्हीवर शेजारी कोणी उभा केला नाही.

'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका आली तेव्हा वाटलं, ही करेल. नागपूरकडची बाई, मुंबईत संसार, नवऱ्याला तिच्या बोलण्याची लाज. सुरुवातीचे भाग खरंच चांगले होते आणि अनिता दाते यांनी ती बोली मनापासून बोलली. आमच्या वहिनी मालिका सुरू असताना फोन उचलायच्या नाहीत. पुढं राधिकाची मसाल्याची कंपनी झाली, करोडोंच्या गोष्टी झाल्या आणि मालिका लांबत लांबत रबर झाली. ते सोडून देऊ.

मला जे हवं होतं ते 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये मिळालं. 2009चा, सतीश मनवर यांचा सिनेमा. नावातला 'गाभ्रीचा' म्हणजे आमच्याकडची सरळ शिवी. पावसाला शिवी घालायचा हक्क कोणाला असतो, हे कोरडवाहूवाल्याला सांगावं लागत नाही. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात भीती शिरते की आपलाही नवरा तसं काही करेल. मग ती पोराला त्याच्या मागावर ठेवते, घरात गोडधोड करते, वाकडा शब्द बोलत नाही. आणि हिला झालं तरी काय, हे किसनाला कळत नाही! गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांची ती दृश्यं पाहताना आम्ही खो-खो हसलो, आणि हसतानाच घशात काहीतरी अडकलं. हीच तर आमच्याकडची तऱ्हा आहे. मयताला गेलेली माणसंही ओट्यावर बसून एखादा टोला मारतातच. मला हसण्याचं वावडं नाही. पण त्या सिनेमात आम्ही बोलीला हसलो नाही, माणसाच्या फजितीला हसलो. दोहोंत फार फरक आहे.

'सैराट'नं 2016 साली करमाळ्याकडच्या बोलण्याचं असंच केलं. आर्ची बोलायला लागली की हसायची कोणाची छाती होती? आमच्याकडची पोरं महिनाभर तिच्यासारखं बोलत फिरली. स्वतःच्या बोलीत फिरायला मात्र त्यांना तसा सिनेमा मिळाला नाही. 'गाभ्रीचा पाऊस' गावात किती जणांनी पाहिला असेल? मी विचारून पाहिलं, हाताची बोटं पुरली.

पुस्तकांनी हे काम फार आधी केलंय. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960ची. त्यातली कौतिक वऱ्हाडीत भांडते, वऱ्हाडीत सोसते, आणि वाचताना एकदाही ओठाचा कोपरा हलत नाही. आमच्याच जिल्ह्याच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून घरी बसलेला एकनाथ आणि त्याची शहरातली बायको. गंमत पाहा, तिचंही नाव अलकाच. सिनेमातली अलका नवऱ्याला जीव लावून राखते, कादंबरीतलीला ते घर सोसवत नाही. दोघीही मला खऱ्या वाटतात, दोघींनाही मी गावात पाहिलंय. 'बारोमास'वर सिनेमा निघाला, धीरज मेश्राम यांनी काढला. पण हिंदीत! म्हणजे बुलढाण्याच्या मातीतला कुणबी पडद्यावर पोचला, आणि त्याचं बोलणं तेवढं पुस्तकात राहिलं. सिनेमा करायला पैसा लागतो, हिंदीत बाजार मोठा, हे सगळं समजतं. तरी बोचतं.

'धग' नावाचाही एक सिनेमा येऊन गेला, गाजला, पण त्याची गोष्ट वेगळी, स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची. शेळक्यांची कौतिक अजून पुस्तकातच बसून आहे. कोणी तिला पडद्यावर आणणार असेल, तर माझी एक विनंती आहे. नटी मुंबईची घ्या, पुण्याची घ्या, पण महिनाभर आमच्याकडच्या बायांबरोबर कापूस वेचायला पाठवा. मी राहायची सोय करतो.