चेक खरा, सही खोटी

नाटकाचं परीक्षण नाटकवाले करतात, कादंबरीचं प्राध्यापक. पण टेलिव्हिजनच्या चालू कार्यक्रमात परस्पर घुसणाऱ्यांचं परीक्षण करायचं कुणी? माझ्या मते बँकेतल्या कारकुनानं. बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहतो आहे. खऱ्याखोट्याचा एवढा सराव भल्याभल्या समीक्षकांना नसतो.

पहिला प्रयोग इंग्लंडातला. २६ नोव्हेंबर १९७७, संध्याकाळ. सदर्न टेलिव्हिजनवर बातम्या चालू. निवेदकाचे ओठ हलताहेत, आवाज मात्र भलत्याचाच! आपण अंतराळातून बोलत असून माणसांनी आपली दुष्ट शस्त्रं टाकून द्यावीत, असा उपदेश सुमारे सहा मिनिटं चालला. आवाज भारदस्त, संहिता मात्र पाल्हाळिक. शिवाय पाहुण्याचं नाव कुणी व्रिलन ऐकलं, कुणी गिलन. एवढ्या लांबून यायचं आणि नाव धड सांगायचं नाही!

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २७ एप्रिल १९८६चा. एचबीओवरचा सिनेमा गायब झाला आणि 'कॅप्टन मिडनाइट'चा निषेध झळकला : महिना १२.९५ डॉलर? मुळीच नाही! घरच्या डिशवर फुकट दिसणारं चित्र एचबीओनं कुलूपबंद केलं होतं, आणि हे गृहस्थ डिश विकणारे. विश्वकल्याण वगैरे काही नाही, सरळ दराची तक्रार. मला हा माणूस आपला वाटला. सरकारला मात्र तसं वाटलं नाही. ५,००० डॉलर दंड झाला.

तिसरा शिकागोचा, २२ नोव्हेंबर १९८७. मॅक्स हेडरूमचा मुखवटा घातलेला इसम आधी एका वाहिनीच्या बातम्यांत अर्धा मिनिट चमकला. तिथल्या इंजिनिअरांनी त्याला हुसकलं. मग दोनेक तासांनी दुसऱ्या वाहिनीवर 'डॉक्टर हू'च्या मध्ये दीड मिनिट. असंबद्ध बडबड, आणि शेवटी उघड्या पार्श्वभागावर माश्या मारायच्या काठीचे फटके. एवढा खटाटोप करून दाखवायचं काय, तर हे! तपास झाला, तरी मंडळी आजतागायत सापडलेली नाहीत.

चौथा प्रयोग वायोमिंगचा. भेसूर चेहरे, गूढ अक्षरं आणि बघणाऱ्यांना म्हणे उलट्या आणि भास. चारही प्रयोगांत हाच सर्वांत बांधेसूद. फक्त तो कधी झालाच नाही. २००६च्या सुमारास इंटरनेटवर कुणीतरी रचलेली ती गोष्ट आहे.

इथे माझा धंदा कामाला येतो. खरा खातेदार घाईत सही करतो, त्यामुळे त्याच्या दोन सह्या कधी हुबेहूब जुळत नाहीत. नक्कल करणारा मात्र प्रत्येक वेलांटी जपून काढतो. सही फारच सुबक दिसली की आमचा हात थांबतो. अर्थात सुबकपणा हा काही पुरावा नव्हे. हात थांबला की लेजर उघडायचं. सदर्नची नोंद दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आहे, एचबीओची कोर्टात आहे, शिकागोची तपासाच्या कागदांत आहे. वायोमिंगचं पान कोरं.

वाद घालणारे मात्र लेजर उघडत नाहीत. सदर्नचं प्रकरण निघालं की एक म्हणतो, "परग्रहवासीच!" दुसरा म्हणतो, "छे हो, सगळी थाप!" दोघेही चुकतात. बोलणारा तोतया होता, पण बोलणं खरोखरच घराघरांत पोचलं होतं. चेक खरा, सही खोटी. 'थाप' म्हणून फाईल बंद केली, की खिडकीवर चेक पास केला कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

तो पास केला हॅनिंग्टनच्या ट्रान्समीटरनं. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम हवेतून पकडायचा आणि पुढे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. कुणी जवळ येऊन त्याच लहरींवर अधिक जोरात बोललं, की तो त्याचंच पुढे पाठवणार. सही ताडायची सोयच नव्हती. जो मोठ्यानं ओरडेल तो खातेदार! शस्त्रं टाका म्हणणारा आला, हे इंग्लंडचं नशीब. शस्त्रं उचला म्हणणाराही त्याच खिडकीतून आत आला असता.

हल्ली आवाज आणि चेहरे घरबसल्या तयार होतात, आणि तेही फार सुबक. आपण सगळेच आता हॅनिंग्टनचे ट्रान्समीटर आहोत : आलं, की पुढे धाडलं. म्हणून माझी नम्र सूचना एवढीच, की चेक घेऊन आलेला इसम परग्रहावरचा असला तरी त्याला प्रेमानं बाकावर बसवावं आणि आधी नमुना सही काढावी.