रोझा पार्क्स दमलेली नव्हती

गेल्या सहा डिसेंबरला वस्तीतल्या कार्यक्रमात मी एक कविता वाचली. रोझा पार्क्सवर. दिवसभर शिवणकाम करून दमलेली काळी बाई बसमध्ये बसते, ड्रायव्हर ऊठ म्हणतो, ती उठत नाही आणि अमेरिका हादरते, असा एकूण मामला. टाळ्या पडल्या. दोघातिघांनी मोबाईलवर उतरवूनही घेतली. ती कविता मी आज रद्द करतोय. आपल्याच कवितेवर टीका लिहायची रीत नाही, पण दुसऱ्याच्या कवितेवर लिहिण्याआधी हे व्हायला पाहिजे.

झालं असं की, एका मित्रानं जो ॲन गिब्सन रॉबिन्सन या बाईचं पुस्तक आणून दिलं. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या आठवणी, १९८७ साली निघालेल्या. आपलं इंग्रजी दहावी नापासाचं. तिसरी पाळी सुटली की डोळ्यांत सरकीची धूळ घेऊन शब्दकोश मांडीवर घ्यायचा, दोन पानं वाचायची. चार महिने लागले. पुस्तक संपलं तेव्हा माझ्या कवितेत एक ओळ खरी उरली नव्हती.

आधी तो 'दमलेली' शब्द घ्या. पार्क्सबाईनं पुढं स्वतः लिहून ठेवलंय की त्या दिवशी ती अंगानं काही विशेष दमलेली नव्हती. वय ४२. एन.ए.ए.सी.पी.च्या स्थानिक शाखेची ती १९४३ पासून चिटणीस. अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात हायलँडर नावाच्या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबीर करून आलेली. आणि मी तिला काय केलं? बिचारी केलं. दमलेल्या बाईची कीव करता येते, आणि कीव केली की टाळ्या मिळतात. बारा वर्षं कागद सांभाळणारी, अत्याचाराच्या केसेस लिहून घेणारी बाई कवितेत बसत नाही, कारण ती कविता लिहिणाऱ्याला विचारते, तू काय सांभाळलंस?

आता ती रात्र. गुरुवार, १ डिसेंबर १९५५. पार्क्सला अटक झाल्याची बातमी रॉबिन्सनला रात्री उशिरा कळली. ती अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष होती. मध्यरात्री ती कॉलेजात गेली. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेतले आणि सायक्लोस्टाईलवर चिठ्ठ्या काढायला लागली. एका कागदावर मजकूर तीनदा, म्हणजे कापला की तीन चिठ्ठ्या. कॉलेज सरकारी, यंत्र सरकारी. बोंब झाली असती तर नोकरी खलास. पहाटे चारपर्यंत गठ्ठे तयार. शुक्रवारी दिवसभर शाळा, दुकानं, न्हाव्याच्या खुर्च्या, सगळीकडं चिठ्ठ्या. सोमवारी, ५ तारखेला, बस रिकाम्या धावल्या. मार्टिन ल्यूथर किंग २६ वर्षांचे होते, आणि त्यांना पुढारी निवडलं ते त्याच सोमवारी दुपारी. म्हणजे बस आधी रिकाम्या झाल्या, पुढारी मागून आले.

हे वाचताना मला शाईचा वास आला, खोटं सांगत नाही. आपलं हे पानही तसल्याच यंत्रावर निघतं.

पण 'एका रात्रीत क्रांती' असंही लिहू नका. त्या बायकांची संघटना १९४६ ची. बसबद्दलच्या तक्रारी त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. २१ मे १९५४ ला रॉबिन्सननं महापौराला पत्र लिहून बहिष्काराची सूचना दिली होती. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची पोरगी जागेवरून उठली नाही म्हणून तिला फरफटत नेलं. तिच्यासाठी मात्र बहिष्कार पुकारला नाही. वयानं लहान, स्वभावानं तापट, पुढं लग्नाआधी गरोदर राहिली. पुढाऱ्यांना सोज्वळ चेहरा पाहिजे होता. आपल्यात असं होत नाही असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणावं. ज्या दाव्यानं शेवटी बसमधली विभागणी कायद्यानं मोडली, त्या दाव्यातल्या चार बायकांत ही कोल्विन होती आणि पार्क्स नव्हती. तिच्या नावावरचा गुन्हा पुसला गेला २०२१ साली. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. आपल्याकडं आकडा पाठ असतो, पण रोज सकाळी माणसं कामावर कशी पोचली हे कुणी सांगत नाही. टॅक्सीवाल्यांनी सुरुवातीला बसएवढंच भाडं घेतलं. शहरानं किमान भाड्याचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग सुमारे ३०० गाड्यांची साखळी उभी राहिली, थांबे ठरले, वेळा ठरल्या. आमच्या गिरणीत पाळीचा तक्ता लागतो तसं. पेट्रोलला पैसा कुठला? जॉर्जिया गिल्मोर नावाची स्वयंपाकीण होती. तिनं बायका जमवल्या, केक, पाय, जेवणाचे डबे करून विकले आणि पैसा सभेत आणून टाकला. मंडळाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठलंच नाही असं मंडळ. कारण कुणी दिले ते कळलं तर मालकीण कामावरून काढणार. गिल्मोरनं कोर्टात किंगच्या बाजूनं साक्ष दिली आणि तिची स्वतःची नोकरी गेलीच.

आणि १३ नोव्हेंबर १९५६. स्थानिक कोर्टात गाड्यांच्या साखळीवर बंदी यायच्या बेतात. चळवळ हरलीच म्हणायची. त्याच दिवशी बातमी आली की वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात आपण जिंकलो. इथं आमची कविता संपते. पण हुकुमाचा कागद माँटगोमेरीला पोचायला २० डिसेंबर उजाडला. साखळी बंद, बस अजून जुन्याच. जिंकलेली माणसं पाच आठवडे चालत राहिली. (त्याच पाच आठवड्यांत इकडं दादरला आपल्या बापाची चिता पेटली. दोन्ही गोष्टी मी एका कॅलेंडरवर कधी ठेवून बघितल्या नव्हत्या.) बसमध्ये बसायला लागल्यावरही बसवर गोळ्या झाडल्या, जानेवारीत चर्च उडवली.

हे सगळं आज का काढलं? २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर वॉशिंग्टनच्या रस्त्यावर 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' ही प्रचंड पिवळी अक्षरं रंगवली. वारं फिरलं, आणि मार्च २०२५ मध्ये यंत्रं लावून ती उखडली. आमच्या गटातला एकजण तो व्हिडीओ बघून म्हणाला, संपलं बघ. मला वाटतं त्यानं चुकीची अक्षरं मोजली. सरकारच्या रस्त्यावरची अक्षरं सरकार खरवडू शकतं. न्हाव्याच्या खुर्चीवर ठेवलेली चिठ्ठी कोण कुठून गोळा करणार? अर्थात चिठ्ठीमागं नऊ वर्षं पाहिजेत. ती नसली तर चिठ्ठीही रद्दीच.

१९७२ साली आपण पँथर हे नाव ओकलंडहून घेतलं. बरोबर डरकाळी घेतली, पोस्टर घेतलं. ओकलंडच्या पँथरनी १९६९ पासून पोरांना शाळेआधी सकाळची न्याहारी दिली, ती किती कवितांत आली? १९७४ पर्यंत आपली पँथर फुटीला आली. दोष एकट्या कवींचा नव्हता, पण कवींनी फक्त मोर्चा बघितला, मोर्चानंतरची चूल बघितली नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ ला काढलं, दारोदार फिरून बायकांना बोलतं केलं. आमच्या अभ्यास-वर्गात ते कपाटात आहे. मी उघडलं तेव्हा पानं चिकटलेली होती.

मागं आमच्या गिरणीत बदली कामगारांनी काम बंद ठेवलं होतं. एकवीस दिवस. मी त्याच्यावर चार कविता लिहिल्या, चारीत मूठ आहे आणि सूर्य आहे. परवा आईला विचारलं, त्या दिवसांत आपण खाल्लं काय? ती म्हणाली, पाच घरच्या बाया मिळून एकाच चुलीवर करत होतो, पीठ कुणाचं, मीठ कुणाचं. वहीत मांडलं होतं सगळं, वही धाकटीच्या दप्तरात असेल बघ. मी म्हटलं, मला हे तेव्हाच का नाही सांगितलंस, कवितेत आलं असतं.

"आरं, तू तवा भाषण पाठ करत होतास."