क्रियापद नसलेला कोळी

वाडीला समुद्र नाही, यात वाडीचा दोष नाही. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर आमचे गाव. इथे रात्री जे गर्जते ते ट्रक. खाऱ्या पाण्यातला मासा येतो तो बर्फावर पडून, प्रवासाने दमलेल्या पाहुण्यासारखा. तरीही मी आज समुद्रावरच्या पुस्तकावर टीका लिहिणार आहे. टीकाकाराला पोहता आलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

पुस्तक 'एका कोळियाने'. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ साली आली, पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली ती मराठीत आणली. गोष्ट छोटी. क्यूबातल्या म्हाताऱ्या सांतियागोला ८४ दिवस मासा लागलेला नाही. ८५व्या दिवशी तो एकटाच लांब समुद्रात जातो. १८ फुटी मासा गळाला लागतो. होडीपेक्षा २ फूट लांब. तो रात्रंदिवस होडी ओढत नेतो, शेवटी म्हातारा त्याला मारतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क तो फस्त करतात. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा.

यावर सगळे म्हणतात, 'मानवी जिद्दीची अमर गाथा!' वक्तृत्वस्पर्धेत या वाक्याला बक्षीस मिळताना मी पाहिले आहे. पण मी पडलो बीकॉम. मला जिद्दीआधी व्यवस्थेतले दोष दिसतात. भर समुद्रात कच्चा मासा खाताना म्हाताऱ्याला आठवते की मीठ आणायचे राहिले. सभोवती जगातले सगळे मीठ आणि जेवायला चिमूट नाही! पुढे मासा मिळाल्यावर तो हिशेब मांडतो: दीड हजार पौंड, त्यातला दोनतृतीयांश कामाचा, पौंडाला ३० सेंट. एकूण किती? यासाठी पेन्सिल पाहिजे, असे तो स्वतःशीच म्हणतो. मी खुर्चीतूनच ओरडलो, "तीनशे डॉलर!" बाजूला कोणी असते तर त्यालाही एवढे सांगता आले असते.

माझे म्हणणे नेमके हेच आहे. ही गाथा जिद्दीची कमी, बाजूला कोणी नसल्याची जास्त. रात्री तो माशाशी बोलतो, पेटके आलेल्या हाताला रागावतो, आणि एकच गोष्ट परत परत म्हणतो: तो मुलगा आत्ता इथे हवा होता. मुलगा म्हणजे त्याचा शागीर्द. ४० दिवस मासा लागला नाही म्हणून आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडलेले. बुडीत खात्यापासून माणसे लांब सरकतात, हे मी रोज बघतो.

मराठी नावातही हेच आहे. मूळ नावातला समुद्र त्यात नाही, म्हातारपणही नाही. शाळेतल्या कवितेतला, पडून पुन्हा चढणारा कोळी त्यात डोकावतो खरा. पण क्रियापद नाही. एका कोळियाने काय केले? धरले? गमावले? आमच्या बाईंनी अशा वाक्याखाली लाल रेघ ओढली असती.

परवा हे पुस्तक मी बाबांना वाचून दाखवले. आई गेल्यापासून ते खालच्या खोलीत एकटे. आमचे बिऱ्हाड वर. रात्री खालून आवाज येतो. ते स्वतःच्या गुडघ्याला शिव्या देत असतात. वर बायको म्हणते, "बाबा कोणाशी बोलत आहेत?" मी म्हणतो, "रेडिओ असेल."

हाताला रागावण्याचा भाग आला तेव्हा बाबा हसले नाहीत. शार्कांचेही त्यांना काही वाटले नाही. शेवटी एवढेच विचारले, "तो पोट्टा येतो का मंग?"

"येतो बाबा. कॉफी घेऊन. म्हणतो, आता आपण बरोबर जाऊ."

"मंग झालं," बाबा म्हणाले.

म्हणजे क्रियापद होते. फक्त ते कोळ्याचे नव्हते, त्या पोराचे होते. हा शोध मी रविवारच्या पुरवणीत छापण्याआधी उठलो आणि दोघांसाठी चहा केला. बाबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर?"

राहिली होती. घरात पाच किलो असून.