खेळाचा इतिहास आणि इतिहासाचा खेळ

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, बोलपटाचेही होते. संगणकावरच्या खेळाचे मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी करते. मुलांनी तो खेळावा आणि मोठ्यांनी त्यावरून रागवावे, एवढीच आपल्या घरोघरची वाटणी! पण हे खेळ आता वर्गात शिरले आहेत, आणि जे वर्गात शिरते त्याची पारख व्हावयास हवी. म्हणून या घराण्याचा एक मूळपुरुष, ‘ओरेगन ट्रेल’, मी येथे विचारास घेत आहे.

त्याचा जन्म कारखान्यात नव्हे, शाळेसाठीच झाला. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी डॉन रॉविच नावाचा शिकाऊ शिक्षक आठवीच्या मुलांना इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हजारो कुटुंबे बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे ओरेगनला गेली, तो धडा. रॉविचच्या मनात नकाशावर फासे टाकून खेळावयाचा खेळ होता. पण त्याच्यासोबत राहणारे बिल हाइनेमन व पॉल डिलेनबर्गर हे गणिताचे शिकाऊ शिक्षक, त्यांनी तो संगणकावर बसवून दिला. पडदा नव्हता. टंकयंत्रासारखे एक यंत्र कागदावर प्रश्न छापी आणि मुले उत्तर टंकून देत. पुढे १९७४ साली रॉविच मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक-संस्थेत गेला. तेथे त्याने प्रवाशांच्या खऱ्या रोजनिशा वाचल्या आणि वाटेवरच्या संकटांचे प्रमाण त्यांवरून बेतले. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यांपैकी किती जण एवढे कष्ट घेतात?

खेळ असा: वाट सुमारे २००० मैलांची. मूळ खेळात गाडी घेतल्यावर हाती ७०० डॉलर उरतात. त्यांत बैल, अन्न, काडतुसे, कपडे सारे भागवावयाचे. कपड्यांत काटकसर केली तर डोंगरातली थंडी गाठते. पाठ्यपुस्तकात ‘प्रवाशांचे अतोनात हाल झाले’ असे एक वाक्य असते. मूल ते पाठ करते, दोन गुण मिळवते आणि विसरते. येथे ते हाल मुलाच्या स्वतःच्या हिशेबातून उगवतात, म्हणून लक्षात राहतात. १९८५ च्या आवृत्तीत तर आणखी एक मार्मिक योजना आहे. सावकारी पेढीवाला होऊन निघालात तर १६०० डॉलर मिळतात, शेतकरी होऊन निघालात तर ४००. पण शेतकऱ्याचे गुण शेवटी तिप्पट धरतात. गरिबाने तीच वाट पुरी करण्याचे मोल अधिक, हे एका आकड्यात सांगितले आहे. कथालेखकाला हेवा वाटावा असा हा संक्षेप!

मग उणे काय? उणे हे, की या खेळातला ‘तू’ नेहमी गाडीतच बसलेला आहे. ती भूमी काही ओस पडलेली नव्हती. तेथले मूळ रहिवासी खेळात भेटतात ते मुख्यतः प्रवाशाला मदत करण्यापुरते. काम झाले की अंतर्धान पावतात. १९८५ च्या आवृत्तीत बायसन हा अजस्र रानबैल मारला तरी गाडीपर्यंत १०० पौंडच मांस नेता येते. हाव धरू नये, हा धडा चांगलाच. पण मागे टाकलेले मांस कोणाच्या तोंडचे, हे खेळ विचारीत नाही. मैदानी प्रदेशातल्या जमातींचे अन्नवस्त्र या जनावरांवर अवलंबून होते, आणि १८८० च्या दशकात ते कळप जवळजवळ नामशेष झाले. गाडीवाल्याच्या जमाखर्चात ही नोंद नाही. खेळाचा धर्मच असा, की तो जे मोजतो तेच मूल शिकते. जे मोजले नाही ते घडलेच नाही, असे त्याला वाटते.

त्याच संस्थेने १९९२ साली याच साच्यात गुलामांचे उत्तरेकडे पलायन बसवून ‘फ्रीडम’ हा खेळ काढला. पालकांनी आक्षेप घेतले आणि १९९३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. शिधा आकड्यांत मावतो. माणसाची मानखंडना मावत नाही. ‘ओरेगन ट्रेल’च्या २०२१ च्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला, त्या लोकांची पात्रे घेऊनही खेळता येऊ लागले. उत्तम झाले, पण त्याला ५० वर्षे लागली.

आपली मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात, तोही इतिहासाचा खेळच. पण तेथे आजी येते आणि विचारते, “अरे, तुमचे मावळे पाणी कुठून आणणार?” लगेच टाके खोदले जाते. संगणकातल्या या वाटेवर मुलाला एक झोपडीही वाढवता येत नाही.

रॉविचच्या वर्गात यंत्र एकच होते, म्हणून मुले गटागटाने त्याभोवती जमत, आणि शिक्षक जवळ असे. आज मूल एकटे आणि त्याच्या हातात फोन एकटा. माझ्या मते उणीव खेळात जेवढी आहे, त्याहून अधिक या एकटेपणात आहे. तेव्हा मुलाच्या हातचा खेळ हिसकावू नये; शेजारी बसावे आणि विचारावे: ही गाडी येण्यापूर्वी या वाटेवर कोण राहत होते? उत्तर खेळात सापडले नाही, तर दोघांनी मिळून पुस्तक उघडावे.